निळ्या नखांची तपासणी

शाळेच्या फाटकातून आत शिरलं की पहिल्यांदा हात पुढे करायचे, असा नियम होता. मग जीभ दाखवायची. मग मिसम्मा स्वतः अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या आणि शेवटी मानेवरून दोन बोटं फिरवायच्या. मिसम्मा म्हणजे आमच्या मिशनच्या शाळेच्या मोठ्या बाई. गोऱ्या, उंच, एकट्या. कन्नड अशा बोलायच्या की एकेक शब्द धुऊन वाळत घातलाय असं वाटावं. म्हैसुरातल्या सगळ्या पोरी त्यांना मिसम्माच म्हणत. त्यांना दुसरं काही नाव असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

हात बघायचे ते नखांसाठी. नखं पांढरी असली तर अंगात रक्त नाही, निळसर असली तर छातीत बिघाड, असं त्या आम्हाला शिकवत. सगळ्या पोरींची नखं गुलाबी. माझी आणि माझ्या धाकट्या बहिणीची मात्र निळी, पार मुळापर्यंत निळी. आम्ही रंगाऱ्यांच्या मुली. सकाळी उठून अप्पांबरोबर निळीतून काढलेलं कापड पिळायचं, दोरीवर टाकायचं आणि मग पाटी घेऊन शाळेकडे पळायचं. मिसम्मांनी पहिल्या दिवशी आमची नखं साबणानं घासून बघितली, दुसऱ्या दिवशी राखेनं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात टेकले. "या दोघींच्या हातांवरून मला काही कळायचं नाही," असं म्हणून त्या सरळ जिभेवर जायच्या. आम्हाला त्याचं हसू यायचं. धाकटी तर हात नाचवतच पुढे जायची.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते, ती आठ. युरोपातली पहिली मोठी लढाई अजून लागायची होती. वसतिगृहातल्या मुलींच्या परकरांचं निळं कापड अप्पा रंगवून देत. त्या ओळखीनं मिसम्मा एकदा आमच्या परसात आल्या, आम्हा दोघींना रिकामं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पाट्या पाठवून दिल्या. आत्या कुरकुरली. अप्पांची विधवा बहीण, आई गेल्यापासून घर तीच चालवायची. पण अप्पा म्हणाले, "जाऊ देत गं, सुम्ने घरी बसून काय करणार." सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या घरातल्या मराठीत निम्मं मीठ कन्नडचंच असायचं.

फाटकाच्या आत डाव्या हाताला एक काळा फळा टांगलेला होता. त्यावर पांढऱ्या रंगात आजारपणाचे नियम लिहिलेले होते, आणि प्रार्थनेबरोबर ते आमच्याकडून पाठ करून घेत. आजही मला झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. ताप असला तर शाळेत येऊ नये. घरात कुणी आजारी पडलं तर त्याच दिवशी कळवावं, आणि त्या घरातल्या मुलींनी चौदा दिवस घरी राहावं. परत येताना दवाखान्यातल्या डॉक्टरअम्माची चिठ्ठी आणावी. आजार लपवणारीचं नाव काढून टाकलं जाईल. हे नियम वाईट नव्हते, आणि मी त्यांना नावं ठेवणारही नाही. आमची आई प्लेगात गेली, गावाबाहेर बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिला ताप आलाय हे अप्पांनीच प्रामाणिकपणे चावडीवर जाऊन कळवलं होतं. शिपाई आले, तिला घेऊन गेले, आणि अप्पांना ती पुन्हा दिसली नाही. तेव्हापासून आजार कळवायचा म्हटलं की ते उठून परसात निघून जायचे.

आता निळीच्या रांजणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या परसात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक मोठा रांजण होता. त्यात नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याच्या बियांचा काढा आंबत घातलेला असे. वास असा की नवा माणूस नाक धरून पळावा. अप्पा त्या पाण्याचा थेंब रोज जिभेवर घेऊन बघत. रांजण खुशीत असला की कापड आतून हिरवं निघायचं आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळं व्हायचं. रुसला की कापड राखेसारखं मळकं निघायचं. मग गूळ घाला, चुना घाला, हातापाया पडा, दाद देत नसे.

अशा रुसलेल्या रांजणावर रंगाऱ्यांचा एक जुना उपाय आहे. गावात एक थाप सोडायची. थाप साफ खोटी हवी, आणि फिरत फिरत तिनं परक्याच्या तोंडून आपल्याच दाराशी परत यायला हवं. ती परत आली की रांजण सुधारतो. हसू नका, माझे अप्पा, त्यांचे अप्पा, सगळे हे मानत आले. चामुंडीच्या डोंगराला एका रात्रीत एक पायरी वाढली, ही आमच्याच घरची थाप. नंजनगूडला म्हशीला तिळं झालं, तीही आमचीच. लोकसुद्धा काही दुधखुळे नव्हते. काही अचाट कानावर आलं की विचारायचे, "रंगाऱ्याचा रांजण रुसला काय?" आणि असं कुणी विचारलं की थाप तिथंच मेली असं समजायचं. आत्याची एकच ताकीद असे. थाप आजाराची नको, मरणाची नको. वाचेला यश असतं, बोललेलं खरं होतं, ती म्हणायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या महिनाभर आधी रांजण रुसला. बन्नीमंटपापर्यंत, म्हणजे शमीपूजेच्या जागेपर्यंत, मिरवणुकीत चालणाऱ्या शिपायांच्या पागोट्यांचं काम अप्पांकडे आलं होतं. कापडाचे गठ्ठे घरात येऊन पडलेले आणि रांजणातून निघतंय चिखलाच्या रंगाचं फडकं. आत्यानं पहिली थाप सोडली, मग दुसरी. दोन्ही गल्लीच्या तोंडाशीच मेल्या. रोज गल्लीत येणाऱ्या फुलवालीनं तर दारात येऊन तोंडावर सांगितलं, "अक्का, सुळ्ळु बेड." म्हणजे खोटं नको. अप्पांचं जेवण तुटलं. दुपारी रांजणाच्या कडेला उकिडवे बसून ते नुसते आत बघत राहायचे. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं आणि मला फार भीती वाटली.

मग मी ठरवलं की थाप मीच सोडणार. मी हुशार होते ना! चालू शकेल अशी थाप कुठली, याचा मी नीट विचार केला. म्हशीला तिळं झालं तर लोक हसतात. भितात कशाला? आजाराला. आमच्या शाळेत त्याच आठवड्यात मिसम्मांनी घटसर्पाचा धडा घेतला होता. घशात पांढरा पापुद्रा धरतो, श्वास कोंडतो, लहान मुलांना होतो. मी दुपारच्या सुट्टीत वर्गातल्या सगळ्यात बडबड्या पोरीला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं, "कुणाला सांगू नकोस हं. वसतिगृहातल्या एका मुलीला घटसर्प झालाय. मिसम्मांनी लपवलंय."

शाळा सुटायच्या आत फाटकाशी आया जमल्या. कुणी रडत होती, कुणी मिसम्मांच्या अंगावर ओरडत होती. पोरींना हाताला धरून ओढत नेलं. आम्ही दोघी घरी पोचतो न पोचतो तोच फुलवाली धापा टाकत दारात आली, तिखटमीठ लावून तिनं आत्याला सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, "उद्यापासून पोरींना बेड, पाठवू बेड!" म्हणजे पाठवूच नका. थाप परक्याच्या तोंडून घरी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी रांजणात फडकं बुडवून वर काढलं तर हिरवंगार. बघता बघता निळं झालं. अप्पा मोठ्यानं हसले आणि त्यांनी आम्हा दोघींच्या गालांना निळे हात पुसले. बोलाफुलाला गाठ पडली, असं आज मी म्हणेन. त्या सकाळी मात्र मला वाटलं, हे माझ्यामुळे झालं. मी फक्त धाकटीला सांगितलं. तिनं डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत मी त्या दिवशी फार मोठी झाले.

शाळेत मात्र करायला गेले गणपती आणि झाला मारुती. डॉक्टरअम्मांना बोलावून वसतिगृहातल्या एकूण एक मुलीचा घसा तपासला. सगळ्या ठणठणीत. मग मिसम्मांनी उलट चौकशी सुरू केली. तुला कुणी सांगितलं, तुला कुणी सांगितलं, असं करत करत दोन दिवसांत त्या माझ्यापाशी आल्या. मी खरं ते सांगितलं. रांजणाचं सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

"कापडाला रंग यावा म्हणून?" त्या म्हणाल्या.

"हो, मिसम्मा."

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर उभं करून "मी खोटं बोलले" असं तीनदा म्हणायला लावलं. आणि संध्याकाळी स्वतः ब्रश घेऊन त्यांनी फळ्यावर नवी ओळ लिहिली. आजाराची बातमी मुलींनी सांगू नये. घरच्या मोठ्या माणसानं येऊन सांगावी, नाहीतर डॉक्टरची चिठ्ठी आणावी. ती ओळ त्या शाळेत माझ्यामुळे आली. तिचा रंग बाकीच्या ओळींपेक्षा पांढरा होता, म्हणून फाटकातून शिरताना आधी तीच दिसायची.

आत्याला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. "आजाराची थाप! तुला काय सांगितलं होतं गं मी?" एवढंच म्हणाली आणि कापड झटकायला परसात निघून गेली. अप्पा रांजणावरून उठले नाहीत. त्यांच्या पागोट्यांचं काम चालू झालं होतं.

त्याच सुमाराला मिसम्मांनी जाहीर केलं की ज्या मुली दसऱ्यापर्यंत एकही दिवस चुकवणार नाहीत, त्यांना बन्नीमंटपाच्या रस्त्याला खुर्च्या मांडून त्यांवर बसून मिरवणूक बघायला नेणार. आयांनी घरी ठेवलेल्या पोरी परत याव्यात म्हणून ती युक्ती असावी. धाकटी त्या खुर्चीनं वेडी झाली. मिरवणूक आम्ही दर वर्षीच बघायचो, लोकांच्या कमरांमधून, हत्तीचे पाय तेवढे दिसायचे. खुर्चीवर बसून अख्खा हत्ती दिसेल, ती सांगत सुटली. माझं नाव त्या यादीतून आधीच गेलं होतं. "तुला मी सगळं सांगेन हं, अक्का," असं ती मला रोज समजवायची.

दसऱ्याला दहाबारा दिवस उरले असतील. एका सकाळी ती पेज प्यायली नाही. गिळताना मान वाकडी केली. मी विचारलं तर म्हणाली, "सुम्ने घसा दुखतोय. सांगू नकोस, अक्का. चौदा दिवस घरी ठेवतील." अंग थोडंसंच गरम होतं. आत्या म्हणाली, काल कच्चे पेरू खाल्ले असतील, दुसरं काय. आणि मी? मी सांगितलं नाही. तिला खुर्ची हवी होती, आणि मला आता कुणाला काही सांगायचा धीरच उरला नव्हता. फाटकाशी तिनं हात पुढे केले, मिसम्मा नेहमीसारख्या तिच्या नखांवरून पुढे गेल्या. जीभ बघितली. पापणी बघितली. मानेवर त्यांची बोटं जराशी थांबली, पण मागून वसतिगृहाच्या मुलींचा घोळका येत होता. "आत जा," त्या म्हणाल्या.

दुपारी तिचा आवाज बसला. बोलायला गेली की कोंबडीचं पिल्लू चिवचिवावं तसा आवाज यायचा. श्वास घेताना गळ्याच्या खालचा खड्डा आत ओढला जायचा. मी तिला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं आणि आत बघितलं. धड्यात सांगितला होता तसाच पापुद्रा होता. मळकट पांढरा.  मी मिसम्मांच्या खोलीकडे धावले.

"मिसम्मा, माझ्या बहिणीला घटसर्प झालाय."

त्या लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली आणि टाक खाली ठेवला. "पुन्हा?" त्या म्हणाल्या.

"खरंच झालाय. आईशपथ. मी घसा बघितला."

त्या उठल्या, हे मी सांगायला हवं. त्या वर्गात आल्या. धाकटीच्या कपाळाला हात लावला. कपाळ फारसं तापलं नव्हतं. तिची बोटं हातात घेतली, नखं बघितली, सोडून दिली. "तुला काय होतंय?" त्यांनी तिला विचारलं. आणि माझ्या त्या वेड्या पोरीनं खुर्चीसाठी मान हलवली. काही नाही, काही नाही. मिसम्मा माझ्याकडे वळल्या. त्यांना राग आला नव्हता, त्या थकल्या होत्या. "नियम तुला ठाऊक आहे. वडिलांना घेऊन ये, नाहीतर चिठ्ठी आण." घशात बघा, एवढं म्हणायला हवं होतं मी. ते मला सुचलं नाही. आयुष्यभर ते वाक्य मी मनात म्हणत आले आहे.

मी घराकडे पळत सुटले. आमचं घर शाळेपासून चांगलं मैलभर. अप्पा रांजणावर ओणवे, कोपरापर्यंत हात निळीत. आत्या कापड झटकत होती. मी ओरडले, "अप्पा, बेग चला, लवकर चला! धाकटीला घटसर्प झालाय!"

आत्या हसली. खरंच हसली. "अय्यो, आता कशाला गं? रांजण खुशीत आहे आपला."

"थाप नाही ही!"

"हळू," अप्पा म्हणाले. "शेजारी ऐकतील. एकदा झालं तेवढं पुरे झालं. सकाळी तर शाळेला गेली ना पायांनी चालत?"

मी रडले, पाय आपटले. जितकी रडत गेले तितकं ते खोटंच वाटत गेलं असणार, कारण आमच्या घरी थाप सोडणाऱ्यानं डोळ्यांत पाणी आणलं तर त्याचं कौतुक व्हायचं. मग मी चिठ्ठी आणायला दवाखान्याकडे पळाले. दवाखान्याच्या पायरीवरचा माणूस म्हणाला, आजारी माणूस आणल्याशिवाय चिठ्ठी कशी मिळेल? आधी तिला घेऊन ये. शाळा म्हणते चिठ्ठी आण, दवाखाना म्हणतो पोर आण, आणि घर म्हणतं हळू बोल. त्या दुपारी म्हैसूरच्या रस्त्यांवरून मी किती पळाले कुणास ठाऊक. एकदा पडले, दोन्ही गुडघे फुटले. लोक बघत होते. एका म्हातारीनं विचारलं, "एनु मगु, काय झालं, बाळ?" मी तिला सांगितलंच नाही. आता माझ्या तोंडून निघालेलं खरं कुणाला पटणार नाही, याची मला खात्री झाली होती.

मी परत घरी गेले आणि काहीच बोलले नाही. अप्पांचा निळा हात धरला आणि ओढायला लागले. बहुतेक त्या न बोलण्यानंच त्यांना पटलं. त्यांनी माझे गुडघे बघितले, माझं तोंड बघितलं, आणि हात न धुताच ते निघाले.

शाळेत धाकटी बाकावर आडवी होती. तिचं डोकं मिसम्मांच्या मांडीवर होतं. मिसम्मांच्या हातात लिंबाची फोड होती, आणि त्या तिची नखं घासत होत्या. एक बोट घासून उजेडाकडे धरून बघायच्या, मग दुसरं. तिचे ओठ काळसर दिसायला लागले होते, आणि नखांतलं निळं रंगाचं आहे की आतून आलेलं, ते त्यांना बघायचं होतं. नीळ लिंबानं जात नाही. अप्पांनी ते त्यांना सांगितलं, फार हळू आवाजात, आणि पोरीला उचललं.

जटक्यातून, म्हणजे टांग्यातून, दवाखान्यात नेलं. डॉक्टरअम्मांनी घसा बघितला मात्र, त्यांचा चेहराच बदलला. टोचायचं एक औषध असतं, त्या म्हणाल्या, पण ते बंगळूरला. तार करते, गाडीनं येईल. तोवर वेगळ्या खोलीत ठेवावं लागेल, कळवावं लागेल. कळवायचं म्हटल्याबरोबर अप्पांनी तिला पुन्हा छातीशी धरलं. पत्र्याच्या शेडमध्ये माझी बायको नेली, पोर नेऊ देणार नाही, असं ते मराठीत ओरडत होते आणि डॉक्टरअम्मांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. शेवटी डॉक्टरअम्मांनी हात टेकले. घरी न्या, कुणाला जवळ येऊ देऊ नका, औषध आलं की मी स्वतः येते, म्हणाल्या.

दोन दिवस आम्ही तिला वाफ दिली. अप्पा तिला उभी धरून बसायचे, कारण आडवी केली की श्वास कोंडायचा. मला त्या खोलीत जायला बंदी होती. मी दाराशी बसून राहायचे. एकदा तिनं माझ्याकडे बघून दोन बोटांनी खुर्चीचे पाय केले आणि जमिनीवर उभे करून दाखवले. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली. ऊन चढायच्या आत अप्पा आणि दोन नातेवाईक तिला घेऊन गेले. रोगाचं घर म्हणून गल्लीतलं कुणी दार उघडून बाहेर आलं नाही. ती गेल्याचंही कुणाला कळलं नाही.

अप्पा परत आले, आंघोळ केली आणि सवयीनं रांजणाशी गेले. तीन दिवस कुणी त्याला ढवळलं नव्हतं की खायला घातलं नव्हतं. त्यांनी फडकं बुडवलं. मळकं निघालं. ते तिथंच भिंतीला टेकून बसले. आत्यानं रडत रडतच गूळ फोडला, चुना कालवला आणि रांजणात ओतला. "हाही गेला," ती म्हणाली. कुणी मला काही करायला सांगितलं नाही. हे मी इतकी वर्षं स्वतःला बजावत आले आहे, की मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. दहाच्या सुमाराला फुलवाली गल्लीतून चालली होती. आमच्या दारापासून लांब, पलीकडच्या भिंतीला चिकटून. तिनं तिथूनच विचारलं, "कशी आहे गं धाकटी?"

मी म्हणाले, "बरी आहे. उठून बसली. पेज प्यायली."

"देवीच पावली!" ती म्हणाली. तिनं टोपलीतला एक गजरा काढून आमच्या पायरीवर लांबूनच टाकला आणि झपाझप चालू लागली. ती पुढे दहा घरं करायची, आणि शेवटी मिशनच्या बंगल्यात फुलदाणीची फुलं द्यायची.

मला रांजणाचं काही नव्हतं. खरं सांगते, मला पागोट्यांचं, दसऱ्याचं, कशाचंच काही नव्हतं. मी अकरा वर्षांची होते आणि मला एकच कायदा नक्की ठाऊक होता. आपल्या घरून सुटलेलं खोटं परक्याच्या तोंडून परत दाराशी आलं, की बिघडलेलं नीट होतं. रांजण होतो तर ती का नाही होणार? माझ्याच थापेनं तिला आजार आणला असं आत्याचं तोंड मला सांगत होतं. मग दुसऱ्या थापेनं ती परत का येऊ नये? मी ओट्यावरून हलले नाही. तहान लागली तरी उठले नाही. गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून मी थाप परत यायची वाट बघत बसले. देवाचा इतका धावा मी नंतर कधी केला नाही.

दुपारी जटका आला. त्यातून मिसम्मा उतरल्या. काखेत एक लहानशी लाकडी पेटी होती. बंगळूरचं औषध सकाळच्या गाडीनं आलं होतं, आणि डॉक्टरअम्मा मागून येत होत्या. रोगाच्या घराच्या पायऱ्या त्या न कचरता चढल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. आम्हा पोरींपुढे त्या कधी हसत नसत. त्या दिवशी त्यांना हसताना बघितलं.

"मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "ती उठून बसली म्हणे. पेज घेतली म्हणे." मग खाली वाकून त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तू खरं सांगत होतीस. मी घशात बघायला हवं होतं. तिला सांग, नियम काहीही असो, चौदा दिवस होवोत न होवोत, तिची खुर्ची मी ठेवली आहे. लांब, वेगळी ठेवीन, पण ठेवीन."

थाप घरी आली होती. शब्दन् शब्द आली होती. मी त्यांचे हात सोडवले आणि आत धावले, स्वयंपाकघरातून, मधल्या दारातून, तिच्या खोलीत. तिची चटई गुंडाळून भिंतीला उभी केलेली होती. तांब्या पालथा घातलेला होता. मी चटई सोडून जमिनीवर पसरली. त्यात काही नव्हतं.

बाहेर मिसम्मा अप्पांना काहीतरी विचारत होत्या आणि मग त्यांचा आवाज थांबला. तेवढ्यात परसातून आत्याची हाक आली. तिनं सवयीनं फडकं बुडवून बघितलं होतं.

"दादा, रंग आला," ती म्हणाली, आणि हुंदके देत रडायला लागली. मी चटईवर बसून राहिले.